हिब्रू शिकायची आहे? आधी कोणती ते ठरवा

संध्याकाळी जबलपूरच्या कमानिया गेटखालून जायचे म्हणजे स्कूटरचे हॉर्न, सराफ्याकडे वळणाऱ्यांची घाई आणि खव्याच्या जिलबीचा वास यांतून वाट काढायची. १९३९ च्या काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाची आठवण म्हणून हा दरवाजा उभा राहिला. मराठी घरातल्या पोराला मात्र त्याच्या नावात आधी ‘कमान’ ऐकू येते. ते पोर शब्दांशी खेळणारे असेल, तर भाषांचा नाद लागायला एवढे निमित्त पुरते.

हिब्रूत अशा दरवाजाला ‘शाअर’ म्हणतात. मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर, यांनी १७९६ साली शहरातले पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे नाव ‘शाअर हारहमीम’, दयेचा दरवाजा. ‘रहम’ हा शब्द ज्याच्या कानावरून गेला आहे, त्याने न शिकताच यातले अर्धे ओळखले. मशीद बंदर स्टेशनाचे नावही याच जुन्या ‘मशिदी’वरून, म्हणजे सिनेगॉगवरून, पडले, असे सांगतात.

असा नाद लागलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. जवळच्या कॉलेजात हिब्रू आहे का? सर्टिफिकेट मिळेल का? इंटरमीडिएटपर्यंत जायला किती वर्षे लागतील? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न बहुतेकजण विचारतच नाहीत. मग वर्ष वाया जाते.

ग्रंथातली हिब्रू की गल्लीतली?

हिब्रू नावाखाली शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी दोन आहेत. एक बायबलच्या जुन्या कराराची, दुसरी आज तेल अवीवच्या बसमध्ये ऐकू येणारी. योगायोग असा की या दोन वाटांवरची दोन मोठी माणसे एकाच साली जन्मली आणि एकाच साली गेली: पंडिता रमाबाई आणि एलिएझर बेन-येहुदा, दोघेही १८५८ ते १९२२.

रमाबाई मूळच्या संस्कृतच्या पंडिता. ग्रीक आणि हिब्रू त्या मोठेपणी शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ भाषांतून बायबल साध्या मराठीत आणले. त्यांचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली पुस्तकरूपाने आले. त्यांना हिब्रूतून भाजी घ्यायची नव्हती. वाक्याचा अर्थ पारखायचा होता. बेन-येहुदांचा हट्ट नेमका उलटा. १८८१ साली ते पॅलेस्टाइनला पोचले आणि घरात हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही असा नेम केला. प्रार्थनेत आणि ग्रंथांत राहिलेल्या भाषेला रोजच्या वस्तूंसाठी शब्द नव्हते, तर त्यांनी ते घडवले.

तुम्ही कोणाच्या मागून जाणार, हे प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी ठरवा.

- धर्मशास्त्र, बायबलचा अभ्यास किंवा प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास करायचा असेल, तर ग्रंथातली हिब्रू घ्या. इथे वाचणे आणि पदच्छेद करणे हेच काम. बोलण्याची परीक्षा नसते.
- इस्रायलमध्ये शिकायचे, काम करायचे, तिथली वर्तमानपत्रे किंवा कथा-कादंबऱ्या वाचायच्या, तर आधुनिक हिब्रू घ्या.
- मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायल समाजाचे जुने कागद आणि प्रार्थनापुस्तके अभ्यासायची, तर सुरुवात ग्रंथातल्या हिब्रूने करा. १८४६ साली मुंबईत हिब्रू-मराठी हगादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) शिळाछापावर निघाली, १८७४ साली पुण्यात आणखी एक निघाली. असे साहित्य वाचायला मराठी येणारा हिब्रूचा विद्यार्थी लागतो आणि तसे विद्यार्थी फार नाहीत.

एकीकडून दुसरीकडे जाता येते का? येते, पण फुकट नाही. अक्षरे तीच, धातूही पुष्कळसे तेच. क्रियापदाचा संसार मात्र बदलतो. ‘तो म्हणाला’ हे बायबलमध्ये पानोपानी ‘वायोमेर’ असे येते. आजचा माणूस साधे ‘हू अमार’ म्हणतो. दुकानदारासमोर ‘वायोमेर’ वापरणे म्हणजे भाजीवाल्याशी लीळाचरित्राच्या मराठीत घासाघीस करणे.

जबलपुरात काय, बाहेर काय

जबलपूरकरांना हे अनेकदा ठाऊक नसते की गावातच हिब्रूची परंपरा असलेली संस्था आहे. लेओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज १९२३ साली सुरू झाले आणि ते बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहे. हे तेच सेरामपूर, जिथून मिशनरी विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. अशा कॉलेजांतल्या बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, या अभ्यासक्रमात बायबलच्या मूळ भाषांना जागा असते. पण दोन गोष्टी समजून घ्या. इथली हिब्रू ग्रंथातली आहे. आणि अभ्यासक्रम मुळात चर्चच्या सेवेत जाणाऱ्यांसाठी आखलेला आहे; प्रवेशासाठी चर्चची शिफारस लागते का, हे आधीच विचारा. तुम्हाला पदवी नको, फक्त भाषा हवी असेल, तर परीक्षेशिवाय वर्गात बसण्याची परवानगी मिळेल का, असा अर्ज प्राचार्यांकडे करून पाहा. नकार आला तरी कोणते पुस्तक चालते एवढे तरी कळेल.

पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठ (१९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून आलेले) आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी (१९५३ साली यवतमाळात सुरू होऊन १९८३ साली पुण्यात गेलेली) यांचेही स्वरूप असेच, धर्मशास्त्राचे. आधुनिक हिब्रूसाठी दिल्लीकडे पाहावे लागते. जेएनयूत हिब्रूचे वर्ग चालत आले आहेत. तिथे ती मुख्य विषयाबरोबर जोडून घेता येते का आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला दार उघडे आहे का, हे चालू वर्षाच्या माहितीपत्रकातच बघा. मागच्या वर्षी कोणी सांगितले होते यावर रेल्वेचे तिकीट काढू नका.

एके काळी चित्र निराळे होते. मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलांसाठी हिब्रूचे व्याकरण थेट मराठीतून लिहिले, तेही १८३२ साली. जोसेफ इझेकिएल राजपूरकर १८७१ पासून मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते आणि त्यांनी वीसहून अधिक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. आज कोणी मराठीतून हिब्रू शिकायला निघाला, तर त्याला इंग्रजीचा पूल ओलांडावाच लागतो. ग्रंथातल्या हिब्रूसाठी वाइनग्रीन यांचे व्याकरण (तेही कमानिया गेटच्याच वयाचे, १९३९ चे) किंवा लॅम्बडिन यांचे १९७१ चे पुस्तक. आधुनिकसाठी ‘इव्रीत मिन हाहत्खाला’ किंवा ब्रँडाइस विद्यापीठाची मालिका. पाचवे पुस्तक विकत घेण्याआधी पहिल्याचा निम्मा भाग संपवा.

‘इंटरमीडिएट’ म्हणजे नेमके किती

इथे जाहिराती सर्वांत जास्त गोंधळ घालतात. ‘सहा महिन्यांत बिगिनर ते इंटरमीडिएट’ हे वाक्य महिन्यांत मोजते. भाषा तासांत मोजायची असते. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था इंग्रजी भाषकाला कामकाजापुरती हिब्रू यायला सुमारे ११०० तासिका धरते, म्हणजे ४४ आठवडे पूर्ण वेळ. मध्यम पातळीला त्याच्या निम्म्याच्या आसपास वेळ लागेल असे धरून चाला. आता कॉलेजचा हिशेब करा: आठवड्याला ४ तासिका, १५ आठवड्यांचे सत्र, म्हणजे ६० तास. दोन सत्रांचे १२०. उरलेले तास तुम्हाला घरी भरून काढायचे आहेत. रोज एक तास धरला तरी वर्षाहून अधिक लागेल.

इस्रायलमधल्या विद्यापीठांच्या ‘उल्पान’मध्ये, म्हणजे भाषावर्गात, पातळ्या अक्षरांनी मोजतात: आलेफ, बेत, गिमेल, दालेत, हे, वाव. आलेफ नवशिक्यांची. बेत-गिमेलपर्यंत पोचलात की साधे लेख वाचता येतात आणि स्वतःबद्दल, गावाबद्दल, कालच्या-उद्याच्या गोष्टी बोलता येतात. कोणताही कोर्स घेताना ‘हा संपल्यावर मी उल्पानच्या कोणत्या पातळीत बसेन?’ एवढेच विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर पुढचे कळले.

मराठीची शिदोरी

हिब्रू अवघड आहे, असे इंग्रजी पुस्तके सांगतात. त्यांचा वाचक इंग्रजी बोलणारा आहे, तुम्ही नाही.

क्रियापद बघा. हिब्रूत वर्तमानकाळात पुरुष ‘अनी कोतेव’ म्हणतो आणि बाई ‘अनी कोतेवेत’. इंग्रज विद्यार्थी इथे कपाळाला हात लावतो. मराठी विद्यार्थी ‘मी लिहितो, मी लिहिते’ म्हणून पुढे सरकतो.

उच्चारात ‘त्सादी’ हे अक्षर हिंदी भाषक मित्रांना जड जाते, तुम्हाला जाऊ नये. ‘चमचा’ आणि ‘चूल’ यांतला च म्हणजेच त्सादी. ‘चिमणी’तला मात्र नव्हे. जबलपुरात जन्मून ज्यांची मराठी हिंदीच्या वळणाने गेली आहे, त्यांनी आजीकडून हा च पुन्हा गिरवून घ्यावा.

शब्दसंग्रहात तर अरबी-फारसीने आलेले अर्धे नातेवाईक घरीच आहेत. हिब्रूचे बहुतेक धातू तीन व्यंजनांचे असतात. त्यांना ‘शोरेश’, म्हणजे मूळ, म्हणतात. क-त-ब या धातूतून ‘कातव’ (लिहिले), ‘मिख्ताव’ (पत्र), ‘क्तोवेत’ (पत्ता) निघतात. ‘किताब’ ज्याला माहीत आहे त्याला हे कुटुंब परके नाही. ‘खेश्बोन’ म्हणजे हिशेब, हॉटेलातले बिलसुद्धा. ‘तारीख’ला हिब्रूत ‘ताअरीख’. ‘शालोम’ आणि ‘सलाम’ यांचे नाते सांगायला नको. बायबलच्या जुन्या व्याकरणांत नमुन्याचा धातू म्हणून तर क-त-ल घेतात, आपल्या ‘कत्तली’चाच. पहिल्याच धड्यात विद्यार्थ्याला ‘त्याने मारले, तिने मारले, आम्ही मारले’ घोकायला लावणारी ही परंपरा कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे.

समासही ओळखीचा, फक्त उलटा. आपण ‘ग्रंथालय’ म्हणतो, हिब्रू ‘आलय’ आधी ठेवते: ‘बेत सेफेर’, पुस्तकाचे घर, म्हणजे शाळा. ‘बेत खोलीम’, आजाऱ्यांचे घर, म्हणजे इस्पितळ. त्या हिशेबाने कमानिया गेट हे ‘शाअर कमानिया’. विभक्तीचे प्रत्ययही शब्दाच्या मागून उचलून पुढे लावायचे. ‘जबलपुरात’ होते ‘बे-जबलपूर’ आणि ‘जबलपूरहून’ होते ‘मि-जबलपूर’.

खड्डे कुठे आहेत

हीच शिदोरी अधूनमधून पाय अडकवते. ‘अनी’ ऐकून मराठी कान ‘आणि’ समजतो. त्याचा अर्थ ‘मी’. आणि हिब्रूतला ‘मी’ म्हणजे ‘कोण’! ‘ही’ मात्र दोन्हीकडे स्त्रीच (हिब्रूत ‘ती’), आणि ‘आबा’ दोन्हीकडे वडीलधारे.

लिंगाचा खड्डा यापेक्षा खोल. मराठीत आकारान्त म्हटले की घोडा, मुलगा, रस्ता. हिब्रूत शेवटी आ आला की बहुधा स्त्रीलिंग: ‘येलेद’ मुलगा, ‘याल्दा’ मुलगी, ‘शाना’ (वर्ष) हेही स्त्रीलिंगी. त्यात संख्यांनी उलटे वागायचे ठरवले आहे. तीन मुलींना ‘शालोश’, तीन मुलग्यांना ‘श्लोशा’. पहिल्या तीन महिन्यांत इथे चुका होणारच, त्यांचा बाऊ करू नका.

आदरार्थी बहुवचन हिब्रूत नाही. प्राध्यापक असो की वर्गमित्र, पुरुषाला ‘अता’, बाईला ‘अत’. वयस्कर बाईंना एकेरीत हाक मारताना मराठी जीभ अडते, म्हणून काहीजण अनेकवचनी ‘अतेम’ वापरून पाहतात. समोरच्या बाई मग मागे वळून दुसरे कोण आले आहे ते बघतात.

सर्वांत जास्त विद्यार्थी गळतात ते स्वरचिन्हे गेल्यावर. हिब्रूची २२ अक्षरे सगळी व्यंजने. स्वर खाली-वर टिंबा-रेघांनी दाखवतात, त्यांना ‘निकुद’ म्हणतात. बायबलच्या छापील प्रतीत आणि लहान मुलांच्या पुस्तकांत निकुद असते, वर्तमानपत्रात नसते. आपल्याकडे काना-मात्रा काढून टाकलेले पान वाचायला दिले तर जे होईल, ते इथे रोजचे आहे. त्यावर उपाय शोरेश ओळखण्याचा. सात ‘बिन्यानीम’, म्हणजे क्रियापदांचे साचे, पाठ असले की स्वर आपोआप सुचतात. म्हणून आधुनिक हिब्रू घेणाऱ्यांनी निकुदची कुबडी दुसऱ्या सत्रापासून हळूहळू सोडावी. ग्रंथातल्या हिब्रूवाल्यांनी उलट एकेक टिंब तपासावे. तिथे त्यावर अर्थ फिरतो.

आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. छापील आणि हाताने लिहायची अक्षरे वेगळी असतात. आधुनिक हिब्रूच्या वर्गात फळ्यावर हातचीच येणार. दोन्ही एकदमच शिका, पाच अक्षरांच्या शब्दान्ती बदलणाऱ्या रूपांसकट. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे डावीकडूनच लिहितात. संगणकावर हिब्रू ओळीत देवनागरी शब्द घुसवला की सगळे उड्या मारू लागते, तेव्हा गृहपाठ आधी वहीत करा.

पहिले सहा महिने

पहिले दोन-तीन आठवडे फक्त लिपी. रोज स्वतःचे नाव, घरच्यांची नावे, दुकानांच्या पाट्या हिब्रू अक्षरांत लिहा. ळ आणि ण कसे लिहायचे याचे उत्तर मिळणार नाही, ते सोडून द्या. त्यानंतर शब्द धातूच्या कुटुंबानेच नोंदवा, बाराखडीच्या क्रमाने नव्हे. ‘पेआलिम’ या मोफत संकेतस्थळावर क्रियापदांची सगळी रूपे सापडतात. ग्रंथातल्या हिब्रूसाठी ‘सेफारिया’वर मूळ पाठ आणि इंग्रजी अनुवाद शेजारी-शेजारी आहेत, तेही मोफत. ड्युओलिंगोवर २०१६ पासून हिब्रू आहे. बसची वाट पाहताना ठीक, पण व्याकरण ते समजावून देत नाही.

बोलायला माणूस हवाच. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद या गावांत मराठी बोलणारी बेने इस्रायल कुटुंबे आहेत आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही इस्रायलमधून निघत आले आहे. मराठी-हिब्रू देवाणघेवाणीला याहून योग्य माणसे मिळणार नाहीत. त्यांच्या नातवंडांना मराठी हवी असते, तुम्हाला हिब्रू.

पैसे भरण्याआधी, आणि भरल्यानंतर

कॉलेजला हे प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तरही लेखी घ्या:

- एकूण तासिका किती, आणि गेल्या तीन वर्षांत हा वर्ग प्रत्यक्ष भरला का? कागदावर असलेला कोर्स पुरेशा विद्यार्थ्यांअभावी रद्द होणे ही छोट्या भाषांची नेहमीची गत आहे.
- क्रेडिट तुमच्या विद्यापीठाकडे वळते होतील का? नुसते तोंडी ‘हो’ निकालाच्या वेळी कामाला येत नाही.
- पदवी धर्मशास्त्राची असेल, तर ती सरकारी नोकरीला किंवा पुढच्या एम.ए.ला चालते का?

सरकारी विद्यापीठ उत्तर देत नसेल, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. मागील वर्षांची पटसंख्या आणि शिक्षकांची नेमणूक यांची माहिती त्यात मागता येते. यूजीसीच्या कक्षेतल्या संस्थांना तुमची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. २०१८ ची तशी अधिसूचना आहे. तपासणी झाली की ती परत मागा. २०२२ पासून दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायलाही मुभा आहे. दोन्ही वर्गात जाऊन करायचे असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा एक दूरस्थ वा ऑनलाइन असावा. म्हणजे जबलपुरात बी.ए. करता करता हिब्रूचा कोर्स बाहेरून करता येतो, फक्त तुमच्या विद्यापीठाने तशी सोय लागू केलेली असावी. खाजगी क्लासला पैसे देताना पावतीवर कोर्सचे नाव, तास आणि परताव्याची अट लिहून घ्या. पावतीविना ग्राहक आयोगापुढे उभे राहणे कठीण.

तिथे जाऊन शिकायचे असेल तर

जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ आणि हैफा विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी उल्पान चालवतात. आलेफ पातळी इथेच संपवून बेतमध्ये प्रवेश घेतलात, तर परदेशातला महागडा वेळ अक्षरे गिरवण्यात जात नाही. पातळी ठरवणारी चाचणी ते स्वतः घेतात, म्हणून फुगवलेल्या सर्टिफिकेटचा तिथे काही उपयोग नाही. हिब्रू माध्यमात पदवी घ्यायची असेल, तर ‘याएल’ ही परीक्षा द्यावी लागते. तिचे गुण ५० ते १५० या पट्टीवर मोजतात. इंग्रजी माध्यमातल्या अभ्यासक्रमांना ती लागत नाही. विद्यार्थी व्हिसाचे नाव ए-२. अर्ज करण्याआधी त्या भागातल्या प्रवासाबद्दल परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा आणि फी परत मिळण्याची अट तिच्याशी ताडून पाहा. वर्ग ऐनवेळी ऑनलाइन झाले तर राहण्याचे पैसे कोण परत करणार, हे विद्यापीठाकडून ईमेलवर आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका.